सगोत्र

तिघऱ्याच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे
माझी रोपवाटिका. म्हणजे खात्याची;
पण खातं भोपाळला,
आणि झारी माझ्या हातात, अकरा वर्षं.

गुग्गुळाची नऊ हजार रोपं
काळ्या पिशव्यांतून, रांगेनं,
शाळेच्या प्रार्थनेला उभी असावीत तशी.
एका उंचीची. एकाच दिवशी पालवणारी.
पाहणीचे साहेब म्हणाले, वा, खासगीवाले, एकसारखी!
ती शाबासकी मी घरी नेली,
निवू नये म्हणून सायकल जोरात हाणत.

खरं सांगायचं तर कसब एवढंच:
कुंपणालगतच्या सात नंबरच्या झुडपाला
मुळं लवकर फुटायची.
बोटाएवढी काडी, वीतभर लांब,
तिरका छाट, वाळूत खुपस.
दर जूनला तीच आई, तीच कात्री.
बीहडात जाऊन दुसरी शोधायला
जीप मिळत नव्हती. मिळाली असती
तरी गेलो असतो का, ठाऊक नाही.

मग विद्यापीठातून इरावती शितोळे आल्या,
बर्फाचा डबा घेऊन.
रांगारांगांतून कोवळी पानं खुडून नेली
आणि महिन्यानं एक फोटो आणला:
काळ्यावर पांढऱ्या रेघा, शिडीच्या पायऱ्या.
चाळीस रोपांच्या चाळीस शिड्या,
पायरीला पायरी जुळलेली.
मी म्हटलं, छान आहे की.
त्या बोलल्या नाहीत. शेजारी बीहडातला फोटो ठेवला.
तिथेही पुष्कळ शिड्या जुळ्याच,
पण मधेच एखादीची पायरी गाळलेली,
एखादीला एक जास्त,
अगदी तळाशी, एकटी.

"काका, तुमच्याकडे नऊ हजार रोपं नाहीत.
एकच आहे. नऊ हजार पिशव्यांत.
ज्या रोगानं एक जाईल,
त्यानं सगळी."

लष्करात आमची घरं मोजकी.
पुतणीला स्थळ बघताना आधी गोत्र विचारलं,
मग पगार. काश्यप निघाला
तर चहा पाजून वाटेला लावला.
आणि इकडे मी
एका बाईपुढे आरसे मांडत
वंश वाढला म्हणून वहीत लिहीत होतो.

नर शोधा, म्हणाल्या.
गुग्गुळ नराशिवायही फळतो,
बी धरतो, पण ती आईचीच नक्कल.

लज्जाराम बघेलच्या शेळ्यांमागून
दोन दिवस घळी उतरलो, चढलो.
काट्यांनी सदऱ्याची बाही नेली.
नर म्हणजे कसलं, त्यानं विचारलं.
फुलतं पण फळत नाही ते, मी म्हटलं.
अच्छा, ते वांझ!
मागच्या थंडीत तोडून चुलीत घातलं त्यानं.
जे फळत नाही ते ठेवतो कोण?

एक उरलं होतं, पलीकडच्या कड्यावर,
डिंकासाठी चिरून चिरून काळवंडलेलं,
सालीचे कागद वाऱ्यावर फडफडत.
फुलं मसुराएवढी, तांबूस.
मुलीच्या रंगपेटीतला कुंचला होता खिशात.
त्याच्या टोकाला आलं ते
एवढंसं, की श्वास लागला तरी उडावं.
तोंडाला पंचा बांधून आणलं
सात नंबरकडे.

सतरा फळं धरली. पाच खारींनी नेली.
पांढऱ्या बिया फेकल्या, काळ्या पेरल्या.
दोन उगवल्या.
एक रोप सरळ. दुसरं वाकडं,
पानं आठवडाभर उशिरा आलेलं.

दोघांपैकी कुणाला बाप आहे
हे डोळ्यांना कळत नाही.
वाकड्याला असावा, असं माझं मन म्हणतं,
पण मनाला काय, ते काहीही म्हणतं.
इरावतीबाई पानं घेऊन गेल्या आहेत.
फोटो यायचा आहे.

काल नवे साहेब आले होते.
रांगा बघत बघत शेवटी थांबले:
हे वाकडं कशाला ठेवलंय?
मी झारी उचलली. म्हटलं, साहेब,
जरा बाजूला व्हा,
बूट भिजतील.